टेनामेंटच्या अंगणात फायबरची हरणे हवीत कशाला?

मांजलपूरकर (चर्चेचा प्रारंभ)

आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत असा ठराव येणार आहे की, टेनामेंटच्या, म्हणजे आपल्याकडील छोट्या स्वतंत्र घराच्या, पुढील मार्जिनमध्ये (घरापुढच्या मोकळ्या पट्टीत) तीन फुटांहून उंच पुतळा किंवा कारंजे बसवू नये. ठरावाची भाषा ढोबळ असली तरी त्यामागील तक्रार मला रास्त वाटते. बडोद्यातील नव्या वसाहतींत अंगण म्हणजे जेमतेम दहा-बारा फुटांची पट्टी असते, आणि तेवढ्याच जागेत कृत्रिम हिरवळ, त्यावर दोन हरणे, घागर ओतणारी स्त्री, छत्रीच्या आकाराची आळंबी आणि डोळे मिटलेले बुद्धाचे मस्तक अशी दाटी झालेली दिसते. यांतील एकेक वस्तू कदाचित सुंदरही असेल, परंतु त्यांचे परस्परांशी, घराशी किंवा तिथल्या झाडांशी काहीच नाते नसते, कारण त्या जागा पाहून निवडलेल्या नसून हमरस्त्यालगतच्या दुकानासमोर मांडलेल्या रांगेतून उचललेल्या असतात. जिथे शंखो चौधुरींसारख्या शिल्पकाराने विद्यार्थी घडवले आणि ललितकला विद्याशाखा 1950 पासून चालू आहे, त्या शहरात तरी शिल्प म्हणजे रिकामा कोपरा भरण्याचे साधन मानले जाऊ नये.

रावपुऱ्यातील रहिवासी

आपला मुद्दा सुसंस्कृत आहे आणि म्हणूनच मला तो खटकतो. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी सयाजीराव महाराजांनी ऑगुस्तो फेलिची या इटालियन शिल्पकाराकडून शिल्पे करवून घेतली, बागेच्या रचनेसाठी लंडनच्या क्यू उद्यानाशी संबंधित गोल्डरिंग यांना पाचारण केले, आणि आपण त्या साऱ्याला रसिकता म्हणतो. तीच परदेशी वस्तूंची हौस एखाद्या बँक कर्मचाऱ्याने आपल्या ऐपतीत पुरवली की मात्र ती दाटी ठरते.

या भेदभावाचा इतिहास जुना आहे. युरोपातील बागांमधले टोपीवाले बुटके, म्हणजे ‘गार्डन नोम’ नावाचे छोटे पुतळे, पाहा. 1840च्या दशकात सर चार्ल्स आयशम या इंग्रज जमीनदाराने जर्मनीहून भाजलेल्या मातीचे बुटके मागवून लॅम्पोर्ट हॉल या आपल्या वाड्याच्या दगडी बागेत मांडले, तेव्हा ती श्रीमंतांची लहर होती. पुढे स्वस्त साच्यांतून तेच बुटके सामान्यांच्या दारी पोहोचले, आणि लंडनमधील चेल्सीच्या प्रतिष्ठित पुष्पप्रदर्शनात त्यांना मज्जाव झाला. 2013 मध्ये, प्रदर्शनाच्या शताब्दीनिमित्त, तो तात्पुरता उठवला गेला. बुटका तोच होता, फक्त त्याचा मालक बदलला होता. आपल्या हरणांचेही तेच झाले आहे, अशी माझी शंका आहे.

मांजलपूरकर

फेलिचींचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. ती शिल्पे त्या वास्तूसाठी घडवली गेली आणि तिथे त्यांना शेकडो एकरांचे आवार लाभले. काळ्या घोड्याच्या चौकातील महाराजांचा अश्वारूढ पुतळाही दुरून, चारही दिशांनी पाहता येतो. पाच फुटी पुतळा पाहण्यासाठी मागे सरकावे, तर टेनामेंटमध्ये माणूस थेट शेजाऱ्याच्या गाडीला टेकतो. माझा वाद ऐपतीशी नसून मापाशी आहे.

कारेलीबागेतील माळीकाम-प्रेमी

दोघेही अभिरुचीवर बोलत आहात, म्हणून थोडे वस्तूंविषयी लिहितो.

फायबर म्हणजे रेझिनमध्ये बसवलेले काचतंतू. वरचा थर हलका असेल तर आपल्याकडील उन्हात रंग लवकर विटतो, पृष्ठभाग पांढुरका पडतो आणि तंतू उघडे होतात. ते मुलांच्या हाताला बोचतात. सिमेंटची मूर्ती जड आणि टिकाऊ वाटते, पण आतील सळईपर्यंत ओल पोहोचली की ती गंजते, गंजाने फुगते आणि मूर्ती आतूनच तडकते; म्हणून हात, मान, शिंगे हे बारीक भाग आधी जातात. संगमरवर घेतलात तर तो उजळण्यासाठी आम्लाचा वापर मुळीच करू नका, कारण आम्लाने तो दगड विरघळतो. प्लास्टर ऑफ पॅरिसची वस्तू पावसात ठेवूच नये, हे सांगायला नको, तरीही दर श्रावणात कुणाच्या तरी ओट्यावर तिचा चिखल दिसतोच.

दुसरी गोष्ट पाण्याची. बंद पडलेले कारंजे, पक्ष्यांसाठीचे भांडे, मूर्तीच्या ओंजळीतील खोलगटपणा, या सर्वांत डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो आणि अनुकूल हवामानात आठवडा-दीड आठवड्यात त्यांतून नवे डास उडतात. म्हणून ते पाणी आठवड्याच्या आत ओतून भांडे घासावे. नुसती भर घालून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात.

आणि पुराचे काय? 2024च्या ऑगस्टमध्ये मगरींचे वास्तव्य असलेल्या विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले, तेव्हा पोकळ फायबरच्या वस्तू जागेवर राहिल्या नाहीत. ज्या शहरात खरी मगर फाटकापाशी येऊ शकते, तिथे सिमेंटची मगर हिरवळीवर ठेवण्याची हौस मला कधीच उमगली नाही. संध्याकाळच्या अंधारात बचावपथकाला उगीच धावायला लावण्याचा तो मार्ग आहे. पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी निदान वस्तू चौथऱ्याला पक्की बांधावी.

सुभानपुऱ्यातील गृहिणी

माझी हरकत वेगळी आहे. हरणे, बगळे, बुटके काहीही ठेवा. परंतु गणपतीची किंवा बुद्धाची मूर्ती चपलांच्या मांडणीशेजारी, ठिबकणाऱ्या नळाखाली ठेवणे मला पाहवत नाही, आणि नुसते मस्तक कापल्यासारखे कुंडीत रोवणे तर त्याहून वाईट. आपल्या दारी तुळशीवृंदावन असतेच. त्याला उंची आहे, चौथरा आहे, रोजचे पाणी आणि दिवा आहे. त्याच्या शेजारी दुसरे काही हवेच असे का वाटावे, हे मला तरी समजत नाही.

रावपुऱ्यातील रहिवासी

ताई, वृंदावनाचा आपला मुद्दा मी मनापासून मानतो, आणि कारेलीबागेच्या मित्रांनी दिलेली माहिती तर सभेत वाचून दाखवण्याजोगी आहे. परंतु डासांवर, वाटेत येणाऱ्या बांधकामावर किंवा न बांधलेल्या वस्तूंवर नियम करणे निराळे, आणि उंची मोजण्याच्या निमित्ताने शेजाऱ्याच्या आवडीला शिस्त लावणे निराळे. तीन फुटांच्या मर्यादेत सात बुटके चालतील आणि एखाद्या होतकरू विद्यार्थ्याकडून करवून घेतलेले चार फुटी दगडी शिल्प चालणार नाही, हे मांजलपूरकरांना तरी मान्य आहे काय?

मांजलपूरकर

नाही, ते मान्य नाही. उंचीची अट काढून, वस्तू कुंपणाच्या भिंतीपासून दोन फूट आत असावी, चौथऱ्याला पक्की असावी आणि तिच्यात पाणी साचू नये, एवढीच दुरुस्ती मी सभेत लेखी सुचवणार आहे. हरणांविषयीचे माझे मत मात्र कायम आहे, आणि ते ठरावात लिहिता येत नसले तरी इथे लिहिता येते.