शेडमधल्या स्क्रिप्टने मायएसक्यूएलला थेट जोडावं, की मध्ये एपीआय हवाच?

कातळकर
देवगड भागातले आम्ही काही बागायतदार मिळून हापूस थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. पॅकिंग शेडमध्ये लॅपटॉपवर छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. पेटी भरली की बागेचा कोड, प्रत, डझन आणि गाव टाकायचं. नोंद जाते भाड्याच्या सर्व्हरवरच्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये, आणि तिथलीच पीएचपीची साइट गिऱ्हाइकाला पेटी निघाली की नाही ते दाखवते.

एका मित्राने हे बघून कपाळाला हात लावला. म्हणे डेटाबेस असा थेट जोडतात का, मध्ये एपीआय बसव, म्हणजे स्क्रिप्टचा निरोप घेऊन डेटाबेसशी बोलणारा मधला माणूस. मला ते पटत नाही. एपीआय म्हणजे आणखी एक प्रोग्राम, त्याचं लॉगिन, त्याचे अपडेट. एप्रिलात सगळे आंबा काढणीत असताना त्याच्याकडे बघणार कोण? वापरकर्ते, त्यांचे मर्यादित अधिकार, टीएलएसची (जोडणी कूटबद्ध करण्याची) सक्ती हे सगळं मायएसक्यूएलमध्ये आधीच आहे. शेडच्या खात्याला एकाच टेबलवर फक्त इन्सर्टचा, म्हणजे नवी ओळ भरण्याचा, अधिकार दिलाय. लहान कामाला एवढं पुरे. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

खाडीपलीकडे
विरोध आहे. मायएसक्यूएलचा 3306 पोर्ट (जोडणीचा दरवाजा) जगाला उघडा ठेवलास की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट रांग लावतात. तू म्हणशील, ठरावीक आयपीलाच (नेटवरच्या पत्त्यालाच) परवानगी देतो. पण शेडमध्ये नेट मोबाईल हॉटस्पॉटचं असणार. तो आयपी बदलत राहतो, शिवाय मोबाईल कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे कित्येक ग्राहक बसवतात. मग वैतागून तू होस्टच्या (कुठून जोडायचं त्या पत्त्याच्या) जागी टक्क्याचं चिन्ह टाकणार, म्हणजे कुठूनही या. वर पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा पडलेला.

कातळकर
पासवर्डचं जाऊ दे. एपीआयचं टोकनही त्याच लॅपटॉपवर तसंच पडून राहणार. लॅपटॉप चोरीला गेला तर एक रद्द काय आणि दुसरं काय.
पोर्टचं म्हणणं मान्य, पण त्यावर उपाय वायरगार्ड हा व्हीपीएन, म्हणजे खाजगी कूटबद्ध वाट, आहे. डेटाबेस फक्त आतल्या पत्त्यावर ऐकतो, आयपी बदलला तरी जोडणी टिकते, आणि ओळख न पटलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही.

सुरंगी
तुम्ही दोघे कुलपावर भांडताय. सड्यावर रेंज किती असते त्यावर कोणीच बोलत नाही.
जोडणी उघडताना आधी टीसीपीची (नेटवरच्या मूळ जोडणीची) ओळख, मग टीएलएसची, मग मायएसक्यूएलची स्वतःची. पहिली ओळ लिहिण्याआधीच निरोपाच्या कितीतरी फेऱ्या. एका फेरीला 200 मिलिसेकंद धरले आणि प्रत्येक पेटीला नवी जोडणी उघडली, तर पेट्या भरणारी बाई स्क्रीनकडे बघत बसणार. मे 2021 मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा सिंधुदुर्गात किती गावं अंधारात होती आठवा, तोही ऐन आंब्यातच. सर्व्हर दिसत नाही म्हणून पेटीची नोंदच होत नाही, हे माका पटूक नाय.
आधी लॅपटॉपवरच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये लिहा. एक फाइल, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही. रेंज आली की साठलेल्या ओळी वर ढकला. मग वर थेट डेटाबेस असो की एपीआय, मला फरक पडत नाही.

रापणवाला
सुरंगीताईंचं बरोबर, पण अर्धंच. खरी गोम ढकलण्यात आहे. स्क्रिप्टने ओळ पाठवली, सर्व्हरने ती कमिट (पक्की) केली, आणि उत्तर परत येताना रेंज गेली. स्क्रिप्टला वाटतं काम फसलं, ती पुन्हा पाठवते. एक पेटी दोनदा नोंदली गेली. वाशीला गाडी गेल्यावर हिशेब जुळत नाही आणि मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.
हे एपीआयनेही सुटत नाही, तिथेही उत्तर हरवतंच. उपाय एकच: पेटीचा युनिक नंबर शेडमध्येच बनवायचा, यूयूआयडी (लांबलचक यादृच्छिक क्रमांक) किंवा शेडचा कोड जोडून क्रमांक, आणि टेबलमध्ये तीच प्रायमरी की, म्हणजे दोनदा येऊ न देणारी खूण. सर्व्हरच्या ऑटो इन्क्रिमेंटवर (आपोआप वाढणाऱ्या क्रमांकावर) विसंबायचं नाही.

कातळकर
हे लगेच करतो. म्हणजे ऑन डुप्लिकेट की अपडेट लावू, नंबर आधीच असला तर तीच ओळ बदलणारं?

रापणवाला
त्याला अपडेटचा अधिकारही लागतो, मग तुझा फक्त इन्सर्टवाला कडेकोट बंदोबस्त गेला. नंबर आधीच असला तर ओळ सोडून देणाऱ्या इन्सर्ट इग्नोरला इन्सर्टचा अधिकार पुरतो, पण ते लांबीत न बसणाऱ्या मजकुरासारख्या बाकीच्या चुकाही नुसत्या इशाऱ्यावर सोडून देतं आणि कापलेलं नाव गुपचूप आत जातं. साधं इन्सर्ट कर आणि 1062 (नंबर आधीच आहे) ही एरर आली तर ‘आधीच पोचलीय’ असं समजून पुढे जा. गठ्ठ्याने पाठवत असशील तर एका 1062 मुळे ते सगळं स्टेटमेंट मागे फिरतं; तेवढा गठ्ठा मग एकेक करून पाठव. आणि कमिट विसरू नकोस, पायथनच्या लायब्ररीत ऑटोकमिट (आपोआप पक्कं करणं) सहसा बंद असतं.

गजालीपुरतो
एवढा सगळा कित्याक? वही खय गेली?

सुरंगी
वही एकाच शेडमध्ये असते. गिऱ्हाईक डोंबिवलीतून विचारतं.

खाडीपलीकडे
माझा मुख्य मुद्दा अजून तसाच आहे. उद्या तू डझनाचा कॉलम बदलून वजनाचा केलास, की प्रत्येक शेडमधली स्क्रिप्ट त्याच दिवशी मोडणार. मध्ये एपीआय असेल तर जुन्या स्क्रिप्ट जुन्याच भाषेत बोलत राहतात, बदल सर्व्हरवर होतो. सीझनच्या मध्यात पावसाआधी कुठल्या वाडीत जाऊन लॅपटॉप दुरुस्त करणार आहेस?

कातळकर
त्यासाठी स्टोअर्ड प्रोसिजर, म्हणजे डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्राम, आहे. शेडला टेबल दिसणारच नाही, फक्त ‘पेटी नोंदव’ ही प्रोसिजर चालवायचा अधिकार. आत टेबल कसंही बदललं तरी बाहेरून काही कळत नाही.

खाडीपलीकडे
अभिनंदन. तू एसक्यूएलमध्ये एपीआय लिहिलास.

कातळकर
लिहिला, पण त्याला वेगळा सर्व्हर चालवावा लागत नाही. तेवढंच तर म्हणतोय.

मास्तर
भांडणात साइटकडे कुणी बघत नाहीये. जुन्या क्लासच्या नोट्समध्ये अजून मायएसक्यूएल-कनेक्ट हे पीएचपीतून डेटाबेसला जोडणारं जुनं फंक्शन दिसतं. ते डिसेंबर 2015 च्या पीएचपी 7 मध्येच काढून टाकलं. त्याऐवजी पीएचपीचं पीडीओ घ्या. जोडणीच्या ओळीत कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 लिहा. टेबल बरोबर आणि जोडणी लॅटिन1 (रोमन अक्षरांपुरती) असली की बागायतदारांच्या नावाजागी प्रश्नचिन्हं येतात. मायएसक्यूएलच्या जुन्या तीन बाइटवाल्या यूटीएफ8 मध्ये देवनागरी बसते, म्हणून लोक निश्चिंत राहतात. गिऱ्हाइकाने शेऱ्यात आंब्याची इमोजी टाकली की चौथा बाइट लागतो आणि ओळ अडते.
दुसरं: घरून बोगदा करून (सर्व्हरच्या डेटाबेसपर्यंत कूटबद्ध वाट काढून) साइट तपासत असाल तर लिनक्सवर होस्ट ‘लोकलहोस्ट’ लिहू नका. पीएचपी त्याचा अर्थ युनिक्स सॉकेट, म्हणजे त्याच मशीनवरची आतली जोडणी, असा घेते आणि बोगद्याकडे फिरकतच नाही. 127.0.0.1 लिहा.

सुरंगी
एक राहिलं. ओळ दुपारी भरली आणि रात्री वर गेली, तर पेटी कधीची धरायची?

रापणवाला
दोन कॉलम ठेवा: शेडमधली वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ. शेडच्या वेळेला डेटटाइम हा कॉलमचा प्रकार, कारण टाइमस्टॅम्प हा दुसरा प्रकार सेशनच्या (त्या जोडणीच्या) टाइमझोनप्रमाणे फिरतो आणि भाड्याचा सर्व्हर बहुधा यूटीसी या जागतिक वेळेवर असतो. लॅपटॉपचं घड्याळ मात्र आधी तपासा, बॅटरी मेलेला जुना लॅपटॉप कुठल्याही सालात जागा होतो.