लोकल म्हणजे डुप्लिकेट नव्हे

लालबागकर: काल इथे एकाने लिहिलं, "लोकल माल म्हणजे डुप्लिकेट माल, घेतलात तर नंतर रडू नका." तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, लोकल म्हणजे ज्याच्यावर कंपनीचं नाव नाही तो, आणि डुप्लिकेट म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्याचं नाव चोरून छापलंय तो. माझ्या आईने चाळीत वर्षानुवर्षं मसाला विकला, साध्या पिशवीत, नाव ना गाव. बेडगी, संकेश्वरी मिरची स्वतः निवडायची, गच्चीवर कडक उन्हात वाळवायची, डंकावर समोर उभं राहून कुटून घ्यायची. तो डुप्लिकेट? कोणाचा?

वायरमन_परळ: मसाल्याचं सोडा. लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, 'लोकल वायर' मागून बघा. डोंबिवलीला एका घरी मालकाने स्वतः स्वस्तातलं बंडल आणलेलं, सोललं तर वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. गीझर लावला की बोर्ड तापायचा. आमच्या धंद्यात लोकल म्हणजे फसवणूकच.

लालबागकर: वायरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नसेल तर माल बेकायदा, खोटा छापला असेल तर डुप्लिकेट. मार्कच्या खाली सीएम/एल नंबर, म्हणजे लायसन्सचा नंबर असतो, तो सरकारच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघा. यात 'लोकल'चा काय दोष?

मीनल_ठाणे: खरा घोळ गोळ्यांत आहे. जनऔषधी दुकानातून बीपीची गोळी आणली तर सासरे म्हणाले, "मला लोकल गोळी नको, कंपनीची आण." दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून भिंग हातात दिलं, दोन्हीवर ॲम्लोडिपिन 5 मिग्रॅ. जनऔषधीत मिळते ती जेनेरिक, म्हणजे पेटंट संपल्यावर दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध. ते बिनकंपनीचं नाही हो, त्यालाही कंपनी आहे, लायसन्स आहे. आणि तुमची ती नाववाली गोळीसुद्धा बहुतेक वेळा जेनेरिकच असते, वर ब्रँड चिकटवलेला.

सानपाडा_77: करा सासऱ्यांवर प्रयोग. माझ्या बहिणीची फिटची गोळी केमिस्टने परस्पर बदलली आणि आठवड्यात तिला झटका आला.

मीनल_ठाणे: 'प्रयोग' शब्द मागे घ्या. बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण फिटच्या गोळीत कंपनी सारखी बदलू नका असं डॉक्टरच सांगतात, मग ती एका ब्रँडवरून दुसऱ्या ब्रँडवर असली तरी. चूक न विचारता बदलणाऱ्या केमिस्टची.

सानपाडा_77: शब्द मागे घेतो. पण मी कंपनीचीच घेणार.

किराणावाला: शब्दाचा घोळ सरकारलाही निस्तरला नाही. 2017 ला जीएसटी आला तेव्हा ब्रँडेड पॅक आट्याला 5 टक्के आणि बिनब्रँडला माफी, मग माफी मिळावी म्हणून काहींनी ब्रँडवरचा हक्कच सोडला. शेवटी 18 जुलै 2022 पासून ब्रँड राहिला बाजूला, आधीच पॅक करून लेबल लावलंय का ते बघायला लागले. सुट्टं घेतलं तर अजून माफ. आणि माझ्याकडचा सुट्टा तांदूळ हातात घेऊन, वास घेऊन बघता येतो, पाकिटातला येतो का?

वायरमन_परळ: ठीक आहे, त्या डोंबिवलीच्या बंडलावर एका नामांकित कंपनीचं नाव होतं, एक अक्षर बदललेलं. म्हणजे डुप्लिकेटच ते. एवढं मानलं. पण गिऱ्हाइकाला 'लोकल वायर घ्या' हे माझ्या तोंडून निघणार नाही.