गोपनीय व्हर्च्युअल मशीनचे फर्मवेअर कोणी निवडावे: क्लाऊड कंपनीने की आपण?

धागाकर्ता (सातपूर, नाशिक)
नाशिकमधल्या काही पॅथॉलॉजी प्रयोगशाळांचे अहवाल आम्ही क्लाऊडवरच्या गोपनीय व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवतो. तिची मेमरी प्रोसेसरच एन्क्रिप्ट करतो, त्यामुळे ज्या सर्व्हरवर ती चालते त्याच्या मालकालाही आतला मजकूर वाचता येत नाही. मात्र मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारे यूईएफआय फर्मवेअर क्लाऊड कंपनीच निवडते आणि तीच भरते.

दोन महिन्यांपूर्वी रात्रीच्या देखभालीनंतर आमचे मशीन नव्या फर्मवेअरवर उठले; पूर्वसूचना नव्हती. एएमडीच्या एसईव्ही-एसएनपी या मेमरी एन्क्रिप्ट करणाऱ्या तंत्रात प्रोसेसरमधला सुरक्षा-घटक सुरुवातीला भरलेल्या मेमरीचे, म्हणजे फर्मवेअरचेही, 48 बाइटांचे मापन, म्हणजे मजकूर जरा बदलला तरी पूर्ण बदलणारा डिजिटल ठसा, काढतो. आमच्या की-सर्व्हरवर (मापन जुळले तरच डिस्क उघडणारी किल्ली देणाऱ्या सर्व्हरवर) जुने मापन नोंदलेले होते, म्हणून त्याने डिस्कची किल्ली नाकारली, आणि ते योग्यच होते. सकाळी साडेसातला उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसे बाकांवर ताटकळत होती आणि मी दोन मापने पडद्यावर शेजारी शेजारी ठेवून बसलो होतो. ती पहिल्या अक्षरापासूनच वेगळी होती, आणि हा बदल दुरुस्तीचा आहे की घातपाताचा, हे त्यांच्यावरून ठरवण्याची काहीही सोय नव्हती.

म्हणून माझे मत असे की फर्मवेअर ग्राहकाने आपल्याच डिस्क-प्रतिमेतून (मशीनच्या डिस्कच्या फाइलमधून) द्यावे आणि होस्टने, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरने, ते भरून मशीन नव्याने सुरू करावे. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या विकसकांमध्ये अशा यंत्रणेचा प्रस्ताव मांडला गेलेला आहे. भरणारा हात होस्टचाच राहिला तरी मापन चिपच काढत असल्यामुळे त्याने केलेली अदलाबदल लपत नाही.

इंदिरानगर
आपली अडचण खरी आहे, पण उपाय मला पटत नाही. जानेवारी 2024 मध्ये पिक्सीफेल या नावाने ईडीके-2 या यूईएफआय फर्मवेअरच्या खुल्या संचाच्या, नेटवर्कवरून मशीन सुरू करणाऱ्या भागातल्या 9 त्रुटी उघड झाल्या. अशा वेळी मोठ्या कंपनीची तुकडी रातोरात दुरुस्ती बसवते. चार माणसांच्या आपल्या कार्यालयात ते कोण करणार? ग्राहकाने आणलेले फर्मवेअर वर्षानुवर्षे तसेच पडून राहील, आणि मापन जुळते म्हणून सगळे निर्धास्त असतील. मापन ओळख पटवते, गुणवत्तेची हमी देत नाही. त्यापेक्षा कंपनीने फर्मवेअरचा स्रोत (मूळ कोड) खुला करावा, ही मागणी रास्त आहे. ॲमेझॉनने एसएनपीच्या फर्मवेअरचा स्रोत प्रसिद्ध केलेलाच आहे. तो स्वतः बांधून मापन ताडून पाहता येते.

धागाकर्ता
पिक्सीफेलचे उदाहरण मला माझ्याच बाजूचे वाटते. आमचे मशीन नेटवर्कवरून कधीच बूट होत नाही. फर्मवेअर आमचे असते तर तो भाग आम्ही बांधणीतूनच काढून टाकला असता. सर्वांसाठी एकच फर्मवेअर देणाऱ्या कंपनीला सर्वांच्या गरजा त्यात कोंबाव्या लागतात. खुल्या स्रोताचे मी मनापासून स्वागत करतो, परंतु बदल कोणत्या रात्री होणार हे त्यानंतरही कंपनीच ठरवते, आणि आमची सकाळ नेमकी त्यामुळेच वाया गेली.

नाशिकरोड
एक शंका येथे अनेकांना येईल: पहिल्यांदा मशीन उठते ते कंपनीच्याच फर्मवेअरवर, मग आपले फर्मवेअर मागणारा तो पहिला टप्पा विश्वासार्ह कसा? तो तसा असण्याची गरजच नाही, कारण त्या टप्प्यात मशीनकडे कोणतेही गुपित नसते. किल्ली मिळते ती नवे मापन जुळल्यावर. होस्टने खोडा घातला तर मशीन उठणार नाही, पण मजकूर फुटणार नाही. चिप बनवणाऱ्यावर मात्र आपला विश्वास दोन्ही मार्गांत सारखाच राहतो, हे विसरू नये.

इंदिरानगर
पहिल्या टप्प्याविषयीचा खुलासा मान्य आहे, आणि बदलाची वेळ ग्राहकाच्या हाती हवी हेही मान्य करतो. पण वेळ हाती आली की दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मोहही हाती येतो, आणि रुग्णांच्या अहवालांबाबत तो परवडणारा नाही. नवी त्रुटी जाहीर झाल्यापासून किती दिवसांत की-सर्व्हरवरचे जुने मापन रद्द होईल, हे प्रयोगशाळांशी केलेल्या करारात आपण आकड्यात लिहून द्यावे. ते होईपर्यंत माझा विरोध कायम आहे.

धागाकर्ता
चौदा दिवस लिहितो. मसुदा या आठवड्यात प्रयोगशाळांकडे पाठवत आहे.