लेपांटो की नाफपाक्तोस?

बकुळ: 'डॉन किहोते' लिहिणाऱ्या स्पॅनिश लेखक सर्व्हान्तेसवरचा लेख मराठीत आणतेय. ७ ऑक्टोबर १५७१ला लेपांटोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. पुढे लेखिका ग्रीसमधल्या आजच्या गावात जाते, बंदराकाठचा त्याचा पुतळा बघते; तिथे गावाचं नाव नाफपाक्तोस. वाचकाला ही दोन गावं वाटतील. एकच नाव ठेवू का?

गलबत: नाफपाक्तोसच ठेवा. लेपांटो हे व्हेनिसवाल्यांचं रूप, १४०७ ते १४९९ गाव त्यांच्याकडे होतं. आपण वसईला बसीन म्हणतो का?

शेवंता: गाव आणि लढाई वेगळी धरा. लढाईला लेपांटो हेच रूढ आहे. ती गावासमोर झालीही नाही. बरीच पश्चिमेला, पात्रासच्या आखाताच्या तोंडाशी झाली. तुर्की आरमार लेपांटोहून निघालं होतं, म्हणून ते नाव चिकटलं.

केतकी: मी तर 'नौपाक्तोस' लिहीन. ग्रीक 'नाउस' म्हणजे जहाज, आपल्या 'नौ'चं सख्खं भावंड. पुढचा भाग जोडणं, घट्ट बसवणं या अर्थाच्या धातूवरून. ग्रीक पुराणातल्या वीर हेराक्लीसच्या वंशजांनी समोरच्या पेलोपोनेस द्वीपकल्पावर उतरण्यासाठी इथे जहाजं बांधली, अशी जुनी कथा आहे. आणि 'पाक्तोस' म्हणजे आपलं 'पक्का'च, नाही का?

शेवंता: नाही. पक्का 'पक्व'वरून आला, शिजलेलं, पिकलेलं. कानाला जुळलं म्हणून नातं लावू नये. 'नौ'चं मात्र बरोबर.

गलबत: 'नौ' प्राचीन उच्चाराला धरून आहे. आजचे ग्रीक तिथे 'नाफ' म्हणतात. गावकरी म्हणतात ते लिहावं.

केतकी: पण 'नौ' लिहिलं की मराठी वाचकाला अर्थ लागतो, तो का घालवायचा? आमचे आजोबा रत्नागिरीकडे होड्या बांधायचे. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकताना बोटं काळी व्हायची. कुणी 'होडी बनवली' म्हटलं तर थांबवायचे. होडी बांधतात.

गलबत: आमच्याकडे 'घडवली'ही म्हणतात.

केतकी: घडवतात ते दागिने. जहाजबांधणी म्हणतो ना आपण? जहाजघडणी कुणी म्हणतं का?

शेवंता: मूर्तीही घडवतात, लाकडाचीसुद्धा. मग होडी का नाही?

बकुळ: बांधली-घडवली नंतर बघू. शीर्षकात काय लिहू? उद्या लेख द्यायचाय.

गलबत: नाफपाक्तोस.

शेवंता: लेपांटो.