रंगांचं दुकान आणि फ्रेमवाला : तुमचे अनुभव लिहा

चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा जवळ आल्या की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली की दहावीला सात गुण वाढतात, बीला पाच, सीला तीन. त्यामुळे एरवी ज्या घरात कुणी पेन्सिलला टोकसुद्धा करत नाही, तिथलेही आईबाबा यादी घेऊन रांगेत. परवा एक काका काउंटरवरच्या मुलाला विचारत होते, "यातला चांगला रंग कुठला?" मुलगा म्हणाला, "काढायचंय काय?" काकांनी घरी फोन लावला. मागची रांग थांबली आणि कुणी कुरकुरलं नाही. पुण्यात घडलं म्हणून मुद्दाम नोंदवतोय.

या दुकानांत आपण रंग, कागद, कॅनव्हास घेतो, चित्रं फ्रेम करायला टाकतो आणि बरंचसं तिथेच उभ्याउभ्या शिकतो. ते इथे लिहा. तक्रार असेल तर दुकानाचं नाव नको, पण काय बिघडलं ते नीट सांगा.

माझा अनुभव साधा आहे. एक जुनं एचिंग (धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेलं चित्र) फ्रेमला दिलं, तर फ्रेमवाल्याने आधी ते उलटं केलं. मागे कुठे टेप आहे, कुठे कागद फाटलाय, हे बघून झाल्यावर मग चित्र. नंतर विचारलं, "कुठल्या भिंतीवर लावणार? ऊन येतं? पलीकडे न्हाणीघर आहे का?" फ्रेमची पट्टी कुठली, हा विषय शेवटी निघाला.

सांगलीजवळच्या गावातून, कलाशिक्षक

आमच्या तालुक्याच्या दुकानात मुलाने पाऊल ठेवलं की मालक पहिलं विचारतात, "कुठल्या सरांचा तू?" प्रत्येक शाळेची यादी त्यांच्या गल्ल्यामागे चिकटवलेली आहे. पालक महागडा संच मागतात तेव्हा ते सरळ सांगतात की संकल्पचित्राला पोस्टर कलरच घ्या, त्याचा थर सपाट बसतो. आणि बारा बाटल्यांपेक्षा पांढऱ्याची एक मोठी बाटली जास्त घ्या, कारण तोच आधी संपतो. अगदी खरं आहे. दरवर्षी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या वर्गाचा पांढराच संपलेला असतो.

कागदाबद्दलही तिथेच कळतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, हे मी वर्गात सांगतो तेव्हा मुलं जांभया देतात. मालक एकशेवीसचा आणि तीनशेचा तुकडा पाण्यात बुडवून काउंटरवर ठेवतात. पहिला लगेच पापडासारखा वर येतो, दुसरा जागचा हलत नाही. त्यानंतर मला काही सांगावं लागत नाही.

ठाणे, हौशी जलरंगवाली

मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर रंग हातात घेतले. आमच्या इथल्या दुकानात एक ताई बसतात, त्यांनी मला ट्यूबचं लेबल वाचायला शिकवलं. नाव काहीही असो, बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा कोड बघायचा. अल्ट्रामरीनवर पीबी २९ असेल तर प्रश्न नाही, तो उन्हाला दाद देत नाही. अलिझरिन क्रिमझनवर पीआर ८३ असेल तर तो गुलाबी देखणा दिसतो, पण उजेडात उडत जातो. आणि नावापुढे 'ह्यू' असेल तर मूळ द्रव्याऐवजी दुसऱ्या स्वस्त द्रव्यांनी ती छटा जुळवलेली असते. त्यात फसवणूक नाही, फक्त आपण काय घेतोय ते ठाऊक असावं.

त्यांनी एक उद्योगही सांगितला. घरातल्या सगळ्या रंगांच्या पट्ट्या एका कागदावर ओढायच्या, अर्धा भाग काळ्या कागदाने झाकायचा आणि दक्षिणेच्या खिडकीला लावून विसरून जायचं. पुढच्या उन्हाळ्यात झाकण काढलं की कुठला रंग टिकाऊ ते आपोआप कळतं. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्याजणींच्या खिडक्यांना आता असे कागद आहेत. सुना वैतागल्या आहेत.

गिरगाव

आमच्याकडे देवघराशेजारी लक्ष्मीची एक मोठी तसबीर होती. रविवर्मा प्रेसची, पणजीने साडीवर जर आणि टिकल्या लावलेली. हा छापखाना १८९४ मध्ये आमच्याच गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्या काळी चित्रावर कापड, जर, मणी चढवणं हे बायकांचं आवडीचं काम होतं, आणि अशा तसबिरी बऱ्याच जुन्या घरांत सापडतील.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा ती खाली उतरवली. मागची फळी फुगलेली, काचेच्या आतून कसर फिरलेली. जवळच्या एका दुकानदाराने बघितल्याबरोबर तोडगा काढला : जर सोलून काढू, चित्र हार्डबोर्डवर चिकटवू, कडा कापून नव्या सोनेरी पट्टीत बसवू, उद्या संध्याकाळी न्या. आई तयार होती. मला 'सोलून' हा शब्द झेपला नाही.

मग फोर्टात एका फ्रेमवाल्यांकडे गेलो. त्यांनी तसबीर टेबलावर पालथी घातली आणि अर्धा तास नुसते खिळे काढत बसले. चित्रावर उभे तपकिरी पट्टे होते. आम्ही समजत होतो पाणी गळलं असेल. ते म्हणाले, मागे फळ्या होत्या ना, दोन फळ्यांच्या फटीतून हवा आणि धूर आत गेला, म्हणून हे फळ्यांच्या मापाचे पट्टे. मोजून दाखवलं, बरोबर बसले. तळाची छापखान्याचं नाव असलेली कड त्यांनी कापू दिली नाही. "ही गेली तर उद्या ही कुठलीही लक्ष्मी होईल."

पट्टे गेलेले नाहीत. ते घालवायला कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडेच जावं लागेल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पण जर जागेवर आहे, पाठीला आम्लविरहित बोर्ड आहे, आणि टिकल्या काचेला लागू नयेत म्हणून आतून चारी बाजूंनी बारीक पट्टी देऊन काच वर उचलली आहे. जुनी सागवानी चौकट साफ करून तीच वापरली. खर्च नव्या फ्रेमच्या कितीतरी पट आला. आई अजून म्हणते, तेवढ्यात चांदीची लक्ष्मी आली असती.

नाव नको, शहरही नको

वडिलांनी काढलेलं पेन्सिलचित्र फ्रेमला दिलं होतं. परत आलं तेव्हा मस्त दिसत होतं. काही वर्षांनी सुरकुत्या आणि पिवळे डाग. उघडून बघितलं तर पूर्ण कागद फेव्हिकॉलने प्लायला चिकटवलेला. आता निघत नाही. दुकानदाराचं म्हणणं, "ताई, सपाट हवं म्हणालात ना!" कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते : चित्र आत कसं धरणार ते आधी विचारा. वरच्या कडेला दोन छोट्या कागदी पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, बस्स. पाणी लावलं की सुटतात.

कोल्हापूर, फ्रेमवाल्याचा मुलगा

वरच्या ताईंचा राग पटला. पण काउंटरच्या आतलंही थोडं ऐका. आमच्या दुकानात चित्रं कमी येतात. देवांचे फोटो, सत्काराची मानपत्रं, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो, यावर दुकान चालतं. गेलेल्या माणसाचा फोटो असेल तर हातातलं बाजूला ठेवायचं आणि भाव करायचा नाही, ही आजोबांपासूनची पद्धत. मानपत्रवाले संध्याकाळी सहाला येतात, कार्यक्रम सातला. त्या घाईची सवय हाताला लागते आणि मग चित्रही त्याच सवयीने चिकटवलं जातं. समर्थन करत नाही, कारण सांगतोय.

दराबद्दल नेहमी वाद होतो म्हणून हिशेब मांडतो. तुमचं चित्र बारा बाय अठरा इंच. भोवती दोन इंचांचा माउंट (चित्राभोवतीची बोर्डाची चौकट), म्हणजे सोळा बाय बावीस. घेर झाला शहात्तर इंच. आता चारही कोपरे पंचेचाळीस अंशात कापायचे, तर पट्टीच्या रुंदीच्या आठपट लांबी त्यात जाते. एक इंची पट्टी असेल तर आठ इंच. एकूण चौऱ्याऐंशी, म्हणजे सात फूट. रुंद पट्टी मागितली की हा आकडा वाढतो, आणि उरलेला तुकडा कुणाच्याच मापाचा नसतो. गिऱ्हाईक घरून सहा फूट मोजून येतं आणि म्हणतं, एक फूट तुम्ही खाल्ला.

माउंटची पारख सोपी आहे. तिरक्या कापाची आतली कड बघा. स्वस्त बोर्डाची ती कड काही वर्षांत तपकिरी होते आणि तेच आम्ल चित्रात उतरतं. चांगला बोर्ड मागा, आम्ही ठेवतो. कुणी मागत नाही म्हणून तो मागच्या कपाटात असतो.

पणजी

आमच्याकडे पावसाळा हाच खरा गिऱ्हाईक. काच चित्राला टेकली की बुरशी आलीच. इथला फ्रेमवाला मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावून देतो, भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. तैलचित्राला काच लावायची नाही हेही त्यानेच सांगितलं.

पुणे, उपयोजित कलेची विद्यार्थिनी

ब्रशबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. जुन्या बाजारात एका टपरीवर मला फार सुंदर ब्रश मिळत होता, केस टोकाला गडद, मध्ये फिकट, धार अशी की बघत राहावं. त्याचा फोटो आमच्या नेहमीच्या दुकानातल्या दादांना दाखवला. ते म्हणाले, "मुंगूस आहे. घेऊ नकोस आणि कुणाला घेऊही देऊ नकोस." १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे, त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा आहे. २०१९ मध्ये 'ऑपरेशन क्लीन आर्ट' नावाने देशभर धाडी पडल्या होत्या. एका मुंगसापासून कामाचे केस अगदी थोडे निघतात, तेव्हा एका डब्यामागे किती जीव गेले असतील ते बघा. दादांनी मला सिंथेटिकचा आठ नंबर दिला. पाणी कमी धरतो, हे खरंच आहे. मी दोनदा बुडवते.

मुंबई, जेजेचा जुना विद्यार्थी

फ्रेमवाल्यांना कमी लेखू नका. केकू गांधींनी १९४१ च्या सुमारास केमोल्ड नावाने फ्रेमचाच धंदा सुरू केला. फ्रेमच्या शोरूममध्ये ते तरुण चित्रकारांची कामं लावत. त्यातूनच १९६३ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड उभी राहिली.

न्यू जर्सी

भारतातून वारली चित्र आणायचं आहे, कापडावरचं. फ्रेम करूनच आणावं का?

कोल्हापूर, फ्रेमवाल्याचा मुलगा

नको, प्रवासात काच फुटली तर चित्र कापलं जाईल. जाड नळीवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, मध्ये बटर पेपर घाला. घडी अजिबात घालू नका, गेरू-शेणाचा थर घडीवर सुटतो. तिकडे पोहोचल्यावर कापड चिकटवू नका, बोर्डाला कडेने सुती दोऱ्याचे टाके घालायला सांगा आणि काच वर उचलून लावा. माप टाकलंत तर पट्टी किती लागेल ते सांगतो.