तुमच्या गावात मत कशावर पडतं? आपापले अनुभव लिहा

सुरुवात मी करते. आमच्या वस्तीचा बूथ वेगळा आहे, मतदान दोनशेच्या आतबाहेर. एका विधानसभेला पडलेल्या उमेदवाराला आमच्या बूथवर 9 मतं मिळाली आणि दिवाळी होऊन गेली तरी ती नऊ कोणाची याचाच शोध चालला होता. बोटावर मोजून आठ नावं काढली लोकांनी आणि नववं नाव आमच्या आप्पांचं घेतलं. त्यांनी कुणाला मत दिलं हे आम्ही घरातल्यांनी पण कधी विचारलं नाही, पण त्यानंतर आमच्या बांधापर्यंत आलेली पाइपलाइन तिथेच थांबली ती दोन वर्षं थांबली. तेव्हापासून मला वाटतं की छोट्या गावात विचार कुठला हा प्रश्न नंतरचा, आधी भीती कुणाची ते बघावं लागतं.

*

ताई, मी झेडपीचा मास्तर, आता रिटायर झालो. केंद्राध्यक्ष म्हणून बऱ्याच निवडणुका केल्या, मतमोजणीला पण बसलो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजायची सोय होती, त्यामुळे कुठल्या वस्तीने काय केलं ते कळायचं नाही. मशीन आल्यावर प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा वाचला जातो आणि नमुना 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या तक्त्यात, केंद्रवार छापून सगळ्यांसमोर येतो. यावर उपाय आहे, टोटलायझर म्हणतात, बऱ्याच मशीनची बेरीज एकदम दाखवतो. निवडणूक आयोगाने 2008 मध्येच मागितला होता, विधी आयोगानेही 2015 च्या अहवालात शिफारस केली, पण अजून आलेला नाही. हजार-बाराशेच्या बूथवर फारसं काही वाटत नाही, पण दोनशेच्या वस्तीवर केंद्रवार आकडा म्हणजे जवळजवळ हात वर करून मतदानच हो.

*

आमच्याकडे बीड जिल्ह्यात भीतीपेक्षा उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. 15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीचं मतदान होतं आणि अर्धं गाव कोयता घेऊन कारखान्यावर. आई-बाबांना फडावरून आणायला रात्री गाडी आली, गाडी मुकादमाची, पॅनेल पण मुकादमाच्या भावाचं. सकाळी मतदान करून संध्याकाळी परत फडावर. बाबा म्हणायचे लोकसभेला मी माझ्या मनाने देतो, ग्रामपंचायतीला मनाचं चालत नाही कारण उचल फिटलेली नसते.

*

कोकणातली आमची वाडी. निर्णय मुंबईत मंडळाच्या मीटिंगमध्ये होतो, गाड्या करून चाकरमानी येतात आणि वाडी एकगठ्ठा देते. रस्ता झाला तो त्यामुळेच झाला, त्यामुळे एकगठ्ठा वाईटच असं मी म्हणणार नाही.

*

मी सून म्हणून लिहिते. आमच्यात भावकीचं बसून ठरतं, बायकांना नुसतं चिन्ह सांगतात. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतंच, कपबशी नाहीतर शिट्टी असलं काहीतरी, तेवढंच पाठ करून जायचं. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच मतदानाला रांगेत हळूच सांगितलं, आत गेल्यावर पुठ्ठ्याच्या मागे तू एकटीच असतेस बघ. त्या स्वतः कधी काही बोलल्या नाहीत पण मला कळलं. 2021 ला घरच्यांनी मला सदस्याला उभं केलं, सरपंच कोण करायचा ते पुरुषांनी आधीच ठरवून ठेवलेलं. त्या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर निघाली, ती निघाली महिला, आणि सगळं गणित फिरलं. मी सरपंच झाले. पहिले सहा महिने सह्या मी आणि खुर्चीत हे, मग मी खुर्ची धरली. पाण्याच्या टाकीवर ज्या बायका भेटायच्या त्या आता ग्रामसभेला येतात, आणि त्यातल्या दोघी विरोधी पॅनेलच्या घरातल्या आहेत.

*

आमचं गाव 'आदर्श', 2021 ला बिनविरोध. जिल्हाभर कौतुक झालं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारच्या खोंडामळी इथे सरपंचपदाच्या लिलावावरून राज्य निवडणूक आयोगाने त्याच वेळी निवडणूक रद्द केली होती, आमच्याकडे तसा लिलाव वगैरे नव्हता, मंदिरात बैठक झाली आणि दोन-तीन मोठ्या घरांनी जागा वाटून घेतल्या. बैठकीला आमच्या आळीतलं कोणी बोलावलेलं नव्हतं. मी 1999 सालची, 2019 आणि 2024 ला लोकसभा विधानसभा चारही वेळा मत दिलं, आणि ज्या पंचायतीच्या नळाचं पाणी आमच्या आळीत दोन दिवसाआड येतं तिच्यासाठी एकदाही नाही. परत बैठक लागली तर मी न बोलावता जाणारे, आणि आमच्या प्रभागातून कुणी तयार नसेल तर फॉर्म मीच भरणारे. आईला सांगून झालंय, बाबांना अजून सांगायचंय.