अंग बाहेर येतं म्हणून जाळी बसवावी का?

केजची सून: जाऊबाईंचं अंग, म्हणजे गर्भाशय, खाली उतरून बाहेर येतं. डॉक्टर खालून आधाराला प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी बसवू म्हणतात. माझं मत, सरळ नाही म्हणावं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणारं सरकारी खातं) १६ एप्रिल २०१९ ला अशा जाळीची विक्रीच थांबवायला लावली. वर्षा-दोन वर्षांनीही ती आतली कातडी झिजवून उघडी पडते, आकसते, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. आणि काढायची म्हटली तर मांस तिच्यात वाढलेलं असतं, एका ऑपरेशनमध्ये सगळी निघेलच असं नाही.

उदगीरकर: अर्धंच सांगताय ताई. बंदी आली ती योनीमार्गे बसवायच्या जाळीवर. पोटातून, दुर्बिणीने बसवतात ती चालूच आहे. माझ्या आईची तशीच केली, ती आता शेतात जाते. नुसते टाके घातले अन् बाई पुन्हा मोळ्या उचलायला गेली की अंग परत उतरतं, हेही सांगा की.

केजची सून: पोटातली तरी कुठं निर्धोक आहे? अमेरिकेतल्या केअर चाचणीत पोटातून जाळी बसवलेल्या बायकांचा पाठपुरावा २०१३ साली छापून आला. सात वर्षांत जाळी किंवा टाका उघडा पडण्याचं प्रमाण साधारण १०.५ टक्के. तिथं तपासायला कुणीतरी होतं! आमच्या बाया दिवाळीनंतर कोयता घेऊन कर्नाटकात जातात. अंगावरून पाणी जातंय, रक्त जातंय, हे सांगणार कुणाला? गावात तर 'पिशवीच काढा' हा एकच सल्ला मिळतो.

जालन्याची सिस्टर: खालच्या जाळीबद्दल ताईंचं बरोबर आहे. ब्रिटनच्या प्रॉस्पेक्ट चाचणीत (२०१७) पहिल्या दोन वर्षांत नुसत्या टाक्यांपेक्षा तिचा जास्तीचा फायदा दिसला नाही, त्रास मात्र दिसला. पण ऑपरेशनच कशाला? अंग वर धरून ठेवायला योनीत घालतात ती रिंग बसवून बघा आधी.

उदगीरकर: रिंग काढून धुवायची असते ना सिस्टर? फडात प्यायला पाणी नसतं.

जालन्याची सिस्टर: रोज नाही धुवावी लागत. काही महिन्यांनी दवाखान्यात येऊन बदलता येते.

उदगीरकर: म्हणजे परत दवाखानाच! तोच तर मिळत नाही म्हणताय तुम्ही. मी तरी पोटातूनच करा म्हणेन. फक्त डिस्चार्ज कार्डावर जाळीचं नाव अन् नंबर लिहून घ्या. पुढं दुसऱ्या डॉक्टरला आत काय आहे ते कळायला पाहिजे.

केजची सून: कार्ड घेऊ. जाळी नाही.